थरच्या वाळवंटातील अजब ठिकाणे कशी पाहावीत: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सीमाभागातून राजस्थानकडे जाऊन आलेल्या मंडळींच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. खीचनला पोहोचलो तेव्हा पक्षी उडून गेले होते, कुलधराचे फाटक बंद झाले होते, तनोटच्या वाटेवर पेट्रोल मिळेना, आणि देशनोकच्या देवळात तर पायच ठेववला नाही. या साऱ्या तक्रारींचे मूळ एकच आहे. यादी करताना नकाशावरचे किलोमीटर मोजले जातात, परंतु कोणते ठिकाण दिवसाच्या कोणत्या प्रहरी पाहण्यासारखे असते याचा विचार केला जात नाही. किल्ला किंवा हवेली दिवसभर जागेवर असते. बुलेटचे देवस्थान, उंदरांचे मंदिर, दगड झालेली झाडे, धान्य टिपायला येणारे करकोचे, न फुटलेले तोफगोळे अशा आडवाटेच्या ठिकाणांना मात्र आपापली वेळ असते आणि ती चुकली की शेकडो किलोमीटरची रपेट वाया जाते. म्हणून आधी वेळ ठरवावी आणि मग रस्ता. पुढील सर्व टप्पे याच क्रमाने दिले आहेत.

टप्पा १: ठिकाणांना प्रहर लावणे

एका कागदावर तीन रकाने आखावेत: सकाळ, भर दुपार आणि उतरती दुपार. खीचनचे करकोचे, देशनोकचे उंदरांचे करणीमाता मंदिर आणि आकलचे जीवाश्म उद्यान (दगड झालेली झाडे) ही सकाळची ठिकाणे आहेत. भर दुपारी गाडीत बसून अंतर कापावे किंवा छपराखाली पाहता येईल असे काही निवडावे. भादरियाचे भूमिगत ग्रंथालय, तनोटचे तोफगोळ्यांचे दालन आणि जैसलमेरमधील हवेल्या यांसाठी ही वेळ योग्य आहे. खाबा व कुलधरा ही ओस पडलेली गावे आणि बडा बागेतील छत्र्या ही उतरत्या उन्हाची ठिकाणे आहेत. ओम बन्नांचे, म्हणजे अपघातात गेलेल्या एका तरुणाच्या बुलेटचे देवस्थान कोणत्याही वेळी पाहता येते, पण ते दिवसाउजेडी पाहावे.

असे रकाने भरले की पहिली चूक आपोआप समोर येते. खीचन आणि देशनोक ही दोन्ही सकाळची ठिकाणे असून त्यांच्यात सुमारे दीडशे किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे ती एका दिवसात बसत नाहीत. तरीही बहुतेकांच्या यादीत ती शेजारी शेजारी लिहिलेली आढळतात.

दुसरी चूक घड्याळाची आहे. जैसलमेर बेळगावच्या बरेच पश्चिमेला आणि उत्तरेला असल्यामुळे डिसेंबरअखेर तेथे साडेसातच्या सुमारास सूर्य उगवतो, म्हणजे आपल्याकडच्यापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक उशिरा. मावळतो मात्र सहाच्या आसपासच. ‘पहाटे सहाला निघू, म्हणजे ऊन लागणार नाही’ हा बेळगावातील हिशेब तेथे लावला तर तासभर काळोखात गाडी चालवावी लागते. त्या वेळी रस्त्यावर उंट, गायी आणि नीलगायी सर्रास आडव्या येतात.

*पडताळणी:* प्रत्येक दिवसाच्या ‘सकाळ’ रकान्यात एकच नाव उरले आहे का? दोन असल्यास एक खोडावे किंवा एक मुक्काम वाढवावा.

टप्पा २: हंगाम निवडणे

नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ योग्य आहे. सीमाभागातील कुटुंबांची अडचण अशी की मुले कर्नाटक शाळांत असतील तर मोठ्या सुट्ट्या दसऱ्याच्या आणि उन्हाळ्याच्याच असतात, आणि या दोन्ही सुट्ट्या या प्रवासाला गैरसोयीच्या आहेत. ऑक्टोबरमध्ये दुपारचे ऊन अजून भाजून काढते. शिवाय आश्विन नवरात्रात देशनोकला यात्रा भरते, त्यामुळे तेथे निवांतपणे काही पाहता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल एवढेच सांगणे पुरे की ज्या फलोदीजवळ खीचन आहे, त्याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. उन्हाळ्यात तेथे करकोचेही नसतात.

दिवाळीच्या आठवड्यात गुजरातकडील प्रवाशांनी जैसलमेर भरून जाते. नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत तंबूंचे आणि खोल्यांचे दर चढतात. शाळेतून चार-पाच दिवसांची रजा मिळत असेल तर संक्रांत उरकून निघणे सर्वांत सोयीचे ठरते.

*सावधान:* कच्छचे पांढरे रण आणि थर हे एकाच सहलीत उरकण्याचा, एका दगडात दोन पक्षी मारण्याचा मोह टाळावा. दोन्ही ‘वाळवंट’ म्हणून ओळखली जात असली तरी त्यांच्यात संपूर्ण दिवसाचा प्रवास आहे, आणि पांढऱ्या रणासाठी बेळगावहून गांधीधामला जाणारी गाडी हा वेगळा मार्ग उपलब्ध आहे.

टप्पा ३: बेळगावहून जोधपूरपर्यंत

बेंगळुरू–जोधपूर एक्स्प्रेस हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे आणि अहमदाबादमार्गे जाते आणि सुमारे दीड दिवसात जोधपूरला पोहोचते. ही गाडी रोज नसते, म्हणून आधी तिचे वार पाहावेत आणि मग रजेचा अर्ज करावा. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, आणि जुन्या सवयीने ‘चार महिने आधी बघू’ म्हणणारे नंतर विसरून जातात. निपाणी-चिकोडीकडील प्रवाशांना बेळगावला उलट येण्यापेक्षा मिरजेला गाडी पकडणे सोपे पडते.

स्वतःची गाडी नेण्याचा आग्रह अनेकांना असतो. राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगावातून थेट अहमदाबादपर्यंत जातो हे खरे आहे. तथापि जैसलमेरपर्यंतचे एकेरी अंतर दीड हजार किलोमीटरच्या घरात असल्यामुळे जाण्या-येण्याचे चार दिवस केवळ महामार्गावर जातात आणि ज्या चालकाने पुढे वाळवंटात सावध राहायचे, तो तेथे पोहोचेपर्यंत थकून गेलेला असतो. माझे मत स्पष्ट आहे: दोन चालक आणि दहा दिवसांची सवड नसेल तर रेल्वेने जावे आणि जोधपूरला गाडी भाड्याने घ्यावी.

*सावधान:* ओम बन्नांच्या स्थानी दारू वाहिली जाते असे ऐकून काही हौशी मंडळी गोव्याहून स्वस्तातली बाटली आणून सामानात ठेवतात. चोर्ला घाट उतरला की गोवा, त्यामुळे ती मिळवणे आपल्याकडे सोपे आहे. पण गोव्याची दारू परवान्याविना कर्नाटकात आणणे हाच गुन्हा आहे आणि वाटेत गुजरातमध्ये दारूबंदी लागू आहे. देवाच्या नावाने घेतलेली बाटलीसुद्धा पोलिसांच्या लेखी बाटलीच असते.

टप्पा ४: कागदपत्रे, पाणी आणि सामान

प्रत्येकाचे मूळ आधारपत्र किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे, कारण तनोटकडील भाग पाकिस्तानच्या सीमेलगतचा आहे आणि तेथे मोबाईलमधील छायाचित्र दाखवून काम भागेलच असे नाही. ड्रोन घरीच ठेवावा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण जैसलमेर-तनोट रस्त्यावरील रामगढच्या पुढे नेटवर्क अनेक ठिकाणी नाहीसे होते. याशिवाय गावांची नावे क्रमाने लिहिलेला एक कागद गाडीत ठेवावा. फोन बंद पडला तर वाटेतील मेंढपाळाला स्क्रीन दाखवता येत नाही, पण गावाचे नाव विचारता येते.

पाण्याबाबत आपला अंदाज हमखास चुकतो. बेळगाव जिल्ह्यात कोणत्याही रस्त्यावर पाच-सात किलोमीटरांत चहाची टपरी येते, त्यामुळे पाणी बरोबर ठेवण्याची आपल्याला सवयच नसते. तेथे माणशी दिवसाला चार ते पाच लिटर पाणी गाडीत असावे आणि त्यातील एक लिटर शेवटपर्यंत न फोडता राखून ठेवावे.

कपड्यांत दोन टोके सांभाळावी लागतात. जानेवारीत दुपारी अंगात साधा सदरा पुरतो, पण रात्री पारा ७–८ अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली उतरतो. बेळगावच्या गुलाबी थंडीचा स्वेटर तंबूत पुरत नाही. कानटोपी आणि जाड चादर बरोबर असावी. जाड तळाचे बूट आवश्यक आहेत, कारण चप्पल घालून फिरणाऱ्याच्या पायात काटे रुततातच.

खाण्यासाठी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट हे आपले नेहमीचे प्रवासी सामान येथेही उत्तम टिकते. कोणासाठी भेट न्यायची असेल तर कुंदा नेऊ नये. खव्याचा पदार्थ दीड दिवसाचा रेल्वेप्रवास आणि पुढील ऊन सोसत नाही. त्याऐवजी गोकाकचे करदंट न्यावे.

यांखेरीज टाकून देता येतील असे जुने सुती पायमोजे, माणशी एक जोड, न विसरता घ्यावेत. त्यांचे काम शेवटच्या टप्प्यात आहे.

टप्पा ५: गाडी आणि चालक ठरवणे

जोधपूरला गाडी ठरवताना ‘जैसलमेर आणि बिकानेर दाखवा’ असे मोघम सांगू नये. तसे सांगितले तर चालक आपल्या नेहमीच्या चाकोरीने किल्ला, तंबू आणि गालिच्यांची दुकाने फिरवून आणतो, आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नाही. ठिकाणांची लेखी यादी प्रहरांसह त्याच्या हाती द्यावी आणि पुढील गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात: रोजचे किलोमीटर किती धरले आहेत, जादा किलोमीटरचा दर काय, चालकाच्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च कोणाकडे, आणि तनोट-लोंगेवालाची फेरी भाड्यात धरली आहे की वेगळी. शेवटच्या प्रश्नावरून सर्वांत जास्त वाद होतात.

बोलताना ‘आप’ हेच संबोधन ठेवावे. आपल्याकडील हिंदीत ‘तू’ आणि ‘तुम’ सहज येऊन जातात, पण मारवाडात ते उर्मट वाटतात. ‘राम राम सा’ म्हटले की संभाषण नीट सुरू होते. बेळगावच्या बाजारात पाली-जालोरकडील एखादे व्यापारी कुटुंब परिचयाचे असेल तर निघण्यापूर्वी त्यांच्याकडे जाऊन रस्त्यांची चौकशी करावी. माहितीपुस्तकांत नसलेली उत्तरे तेथे मिळतात.

*पडताळणी:* जादा चाक हवा भरलेले आहे का, जॅक चालतो का आणि गाडीत फावडे किंवा किमान एखादी पाटी आहे का, हे जोधपूर सोडण्यापूर्वी स्वतः पाहावे.

टप्पा ६: पहिला दिवस, बुलेटचे देवस्थान

जोधपूरहून पालीकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ५० किलोमीटरवर चोटिला गावाजवळ ओम बन्नांचे स्थान आहे. येथे आर.एन.जे. ७७७३ क्रमांकाची रॉयल एनफिल्ड बुलेट काचेच्या कपाटात उभी आहे आणि लोक तिला हार घालतात. ओम बन्ना ज्या अपघातात गेले, त्या अपघाताचे झाड शेजारी आहे. धागे आणि बांगड्या यांनी त्याचे खोड पार झाकून गेले आहे.

पाहण्यास अर्धा तास पुरतो. येथील मुख्य चूक वागण्यातील आहे. ‘मोटारसायकलचा देव’ म्हणून हसत, कपाटासमोर वेडीवाकडी छायाचित्रे काढणारे पाहुणे स्थानिकांना रुचत नाहीत. त्यांच्यासाठी हे रस्त्यावर रक्षण करणारे जागृत स्थान आहे आणि मालमोटारींचे चालक येथे खरोखर थांबून नमस्कार करून पुढे जातात. नारळ, फूल किंवा उदबत्ती वाहणे पुरेसे आहे.

*सावधान:* स्थान वेगवान महामार्गाच्या अगदी कडेला आहे. देवापेक्षा रस्त्याची भीती अधिक बाळगावी, लहान मुलांचा हात सोडू नये आणि छायाचित्रासाठी मागे सरकत रस्त्यावर जाऊ नये.

येथून उलट फिरून जोधपूरमार्गे फलोदी गाठावी. जोधपूरपासून ते अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. मुक्काम फलोदीतच करावा. जोधपूरला राहून पहाटे निघण्याचा बेत जवळजवळ प्रत्येक वेळी फसतो आणि ‘पक्षीच नव्हते’ ही तक्रार तेथूनच सुरू होते.

टप्पा ७: दुसऱ्या दिवसाची सकाळ, खीचन

खीचन फलोदीपासून अगदी जवळ आहे. कांड्या करकोचे, ज्यांना तेथे कुरजां म्हणतात, ऑगस्टअखेर-सप्टेंबरपासून येऊ लागतात आणि मार्चपर्यंत परततात. गावात त्यांच्यासाठी कुंपण घातलेले चुग्गाघर आहे आणि तेथे रोज धान्य टाकले जाते. जून २०२५ मध्ये या पाणथळीला रामसर क्षेत्राचा दर्जाही मिळाला.

क्रम असा ठेवावा. सूर्योदयाच्या आधीच चुग्गाघराजवळ पोहोचावे. शेजारच्या घराच्या गच्चीवर घरमालकाची परवानगी घेऊन बसावे, कारण खालून कुंपणाआडून काहीच धड दिसत नाही. पक्षी थेट दाण्यावर उतरत नाहीत. प्रथम ते गावाबाहेरील उघड्या जमिनीवर जमतात, मग थव्याथव्यांनी वर घिरट्या घालतात, आणि पहिला थवा धीर करून उतरला की मागून बाकीचे येतात. त्यांचा कर्णकर्कश गलबला इतका वाढतो की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावे लागते. या घिरट्यांच्या काळातच अनेक जण कंटाळून चहाला जातात आणि उतरण्याचा क्षण हुकवतात. जागा सोडू नये. दाणे संपले की पक्षी गावाजवळच्या तलावांकडे जातात. तेथे ते पाण्याच्या काठाने उभे असतात आणि दुर्बिणीतून शांतपणे पाहता येतात.

भडक लाल-पिवळे कपडे घालू नयेत. टाळ्या वाजवून थवा उडवू नये. एखाद्याच्या छायाचित्रासाठी उडवलेला थवा पुन्हा उतरेलच याची खात्री नसते आणि गच्चीवर बसलेल्या सर्वांची सकाळ वाया जाते.

टप्पा ८: दुसऱ्या दिवसाची दुपार, भादरियामार्गे जैसलमेर

फलोदीहून पोखरणमार्गे जैसलमेर सुमारे १६५ किलोमीटर आहे. पोखरण म्हटले की १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्या आठवतात आणि ‘ती जागा दाखवा’ असा हट्ट चालकाकडे धरला जातो. ते क्षेत्र सैन्याचे असून पाहता येत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नये.

पोखरण आणि जैसलमेर यांच्या दरम्यान हमरस्त्यापासून थोडे आत भादरिया राय मातेचे देऊळ आहे आणि त्याच्या आवारात जमिनीखाली प्रचंड ग्रंथालय आहे. ओसाड माळावर काही पायऱ्या उतरून खाली जावे तर लांबच लांब दालनांत काचेच्या कपाटांची रांग लागलेली दिसते. आधी देवळात विचारून मगच खाली जावे. पुस्तके हाताळण्याचा आग्रह धरू नये. बाहेर ऊन कडक असताना आत गारवा असतो, म्हणूनच हे ठिकाण दुपारच्या रकान्यात घातले आहे.

वेळ उरल्यास सूर्यास्तापूर्वी जैसलमेरच्या उत्तरेस ६ किलोमीटरवरील बडा बाग पाहावी. जुन्या राजघराण्याच्या छत्र्या आणि त्यांच्यामागे फिरणाऱ्या पवनचक्क्या एका चौकटीत येतात. उशीर झाल्यास ती चौथ्या दिवशी पाहता येते, कारण तनोटचा रस्ता तिच्याच बाजूने जातो.

*सावधान:* जैसलमेरच्या किल्ल्याजवळ सरकारमान्य भांगेचे दुकान आहे आणि तेथील लस्सी हे अनेकांना आकर्षण वाटते. भांग चढायला वेळ लागतो, त्यामुळे ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारे नंतर दीड दिवस झोपून काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

टप्पा ९: तिसरा दिवस, आकल, खाबा, कुलधरा

सकाळी बाडमेर रस्त्यावर सुमारे १७ किलोमीटरवरील आकल येथे जावे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडे येथे २१ हेक्टरच्या माळावर विखुरली आहेत. ‘जंगल’ या नावामुळे उभी झाडे दिसतील अशी कल्पना करून येणारे निराश होतात. खोडे आडवी पडलेली आहेत आणि मोठ्या खोडांवर जाळीचे पिंजरे व पत्र्याचे छप्पर आहे. नुसते पिंजरे मोजत फिरू नये. एका खोडाजवळ खाली बसून पाहिले तर सालीच्या उभ्या रेघा आणि गाठी दगडात जशाच्या तशा उमटलेल्या दिसतात, आणि पाहण्यासारखे तेच आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात या रेघा स्पष्ट दिसतात. दुपारी सारा दगड एकसारखा तपकिरी वाटतो. जमिनीवरचा लहानसा तुकडाही खिशात घालू नये.

भर दुपारी शहरात परतून जेवण आणि विश्रांती घ्यावी. तीनच्या सुमारास पश्चिमेकडे निघावे आणि आधी दूरचे खाबा, नंतर परतीच्या वाटेवर कुलधरा असा क्रम ठेवावा. बहुतेक जण नेमके उलट करतात. कुलधरा जवळ म्हणून आधी पाहतात, खाबाला अंधार पडत असताना पोहोचतात आणि काही न पाहता परततात. खाबाच्या किल्ल्यावरून खाली पालीवाल ब्राह्मणांच्या उजाड वस्तीचा संपूर्ण आराखडा दिसतो. गल्ल्या कशा आखल्या होत्या, विहीर कोठे होती हे वरून समजले की कुलधरातील पडक्या भिंतींत फिरताना अर्थ लागतो.

कुलधराचे फाटक संध्याकाळी बंद होते. भुताखेतांच्या गोष्टींसाठी रात्री आत शिरण्याचा प्रयत्न करणारे अधूनमधून निघतात. भुताची भीती राहू द्या, पण दगडांच्या फटीत विंचू आणि साप खरोखर असतात. भिंतींवर चढू नये. तेथील दगड चुन्याशिवाय रचलेले आहेत आणि हाताच्या धक्क्यानेही निसटतात.

सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या याच दिशेला पुढे आहेत. उंटाची फेरी आणि तंबूतील मुक्काम हवा असेल तर तेथे जावे, मात्र शांतता मिळेल या अपेक्षेने जाऊ नये, कारण मोसमात तेथे रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धक वाजत असतात.

वाळूत चाक रुतल्यास

भाड्याची साधी गाडी वाळूत घालूच नये. तरीही वाऱ्याने रस्त्यावर आलेल्या वाळूत किंवा गाडी कडेला घेताना चाक रुतते. अशा वेळी बहुतेकांचा पाय ॲक्सिलरेटरवर जातो. त्यामुळे चाक जागच्या जागी फिरते, आणखी खोल जाते आणि गाडीचा तळ वाळूवर टेकतो. योग्य क्रम असा आहे: इंजिन बंद करावे, सर्वांनी खाली उतरावे, चारही चाकांपुढची आणि मागची वाळू हाताने किंवा पाटीने काढावी, चाकांतील हवा साधारण १८–२० पीएसआयपर्यंत उतरवावी, चाकाखाली पायपोस किंवा झुडपांच्या फांद्या घालाव्यात आणि ज्या मार्गाने आत आलो त्याच मार्गाने अलगद मागे यावे. बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरेपर्यंत वेग कमी ठेवावा.

मदत येण्यास वेळ लागत असेल तर गाडी सोडून चालत निघू नये. गाडी लांबून दिसते आणि तिला सावली असते.

टप्पा १०: चौथा दिवस, लोंगेवाला आणि तनोट

ही सुमारे २७० किलोमीटरची फेरी आहे. रामगढला टाकी पूर्ण भरावी, गाडीत अर्धी टाकी शिल्लक असली तरी. त्यापुढे पंपाचा भरवसा धरू नये. याच नियमाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, कारण सकाळी जैसलमेरहून निघताना टाकी भरल्यासारखी वाटते आणि परतीच्या अंतराचा विचार कोणी करत नाही.

रामगढहून आधी लोंगेवाला करावे. डिसेंबर १९७१ च्या लढाईचे स्मारक आणि पकडलेला पाकिस्तानी रणगाडा उघड्यावर आहेत, त्यामुळे ऊन चढण्यापूर्वी ते पाहणे बरे. रणगाड्याच्या पोलादाला दुपारी हात लावू नये. तेथून तनोटला यावे. मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते. १९६५ च्या युद्धात आवारात पडूनही न फुटलेले तोफगोळे आत मांडून ठेवले आहेत. येथे रुमाल बांधून नवस बोलण्याची पद्धत आहे आणि सभोवार रंगीबेरंगी रुमालांच्या रांगा दिसतात. बांधायचा असल्यास एक कोरा रुमाल बरोबर न्यावा.

*सावधान:* तनोटच्या पुढे सीमेकडे परवानगीशिवाय जाता येत नाही. जवान नाही म्हणाला तर वाद घालू नये आणि ‘आम्ही कर्नाटकाहून एवढे लांबून आलो’ हे कारणही पुढे करू नये, कारण तेथे येणारा प्रत्येक जण लांबूनच आलेला असतो. चौक्या, वाहने आणि जवान यांची छायाचित्रे घेऊ नयेत.

*पडताळणी:* दुपारी अडीच-तीनला तनोट सोडले आहे का? त्याहून उशीर झाल्यास शेवटचा पट्टा अंधारात पडतो आणि जनावरे त्याच वेळी उबदार डांबरावर येऊन बसतात.

टप्पा ११: पाचवा आणि सहावा दिवस, बिकानेर, देशनोक आणि परतीची गाडी

पाचवा दिवस जैसलमेर ते बिकानेर या सुमारे ३३० किलोमीटरच्या प्रवासात जातो. त्यात दुसरे काही बसवण्याचा प्रयत्न करू नये.

सहाव्या दिवशी सकाळी लवकर ३० किलोमीटरवरील देशनोकला जावे. करणीमातेच्या मंदिरातील उंदरांना काबा म्हणतात आणि ते मातेच्या वंशातील मृतांचे पुनर्जन्म मानले जातात. पायताण बाहेर काढावे लागते. संगमरवरी फरशीवर दूध, धान्य आणि लेंड्या असतात, म्हणून ते जुने पायमोजे आता घालावेत आणि बाहेर आल्यावर पिशवीत बांधून टाकून द्यावेत. आत चालताना पाऊल उचलून टाकू नये. फरशीवरून घासत, सरकवत न्यावे. पायाखाली उंदीर दगावला तर चांदीचा उंदीर अर्पण करावा लागतो अशी तेथील रीत आहे. दुधाच्या मोठ्या परातीभोवती उंदीर काठाला दाटीवाटीने बसतात, तोंडे आत आणि शेपट्या बाहेर, आणि छायाचित्र घेण्याची खरी जागा तीच. फ्लॅश मात्र वापरू नये. एखादा उंदीर पावलावरून गेला तर किंचाळून पाय झटकू नये. तो शुभशकुन समजला जातो आणि झटकलेल्या पायाखाली दुसराच सापडण्याची शक्यता असते. पांढरा उंदीर दिसावा म्हणून तासन्तास थांबणारे असतात. तो दिसला तर उत्तम, पण परतीची गाडी असलेल्याने अर्ध्या तासाहून अधिक थांबू नये.

दमा असलेल्यांनी आणि उंदरांची मनापासून भीती असलेल्यांनी सभामंडपाच्या बाहेरूनच दर्शन घ्यावे. चांदीची दारे आणि प्रवेशद्वारावरील कोरीवकाम बाहेरूनही नीट पाहता येते. हातात खाद्यपदार्थ घेऊन आत जाऊ नये. बाहेर पडल्यावर साबणाने हातपाय धुतल्याशिवाय नाश्त्याला बसू नये.

देशनोकहून नागौरमार्गे जोधपूर सुमारे २२० किलोमीटर आहे. वाटेतील जेवण धरून पाच तास ठेवावेत. परतीची गाडी त्याच रात्रीची किंवा पहाटेची घेण्याऐवजी जोधपूरला एक मुक्काम राखावा, कारण ती गाडी रोज सुटत नाही आणि चुकल्यास बेळगावकडे जाणाऱ्या पुढच्या गाडीसाठी काही दिवस थांबावे लागते किंवा अहमदाबाद-पुणे असे तुकडे जोडत, आरक्षणाविना परतावे लागते.